चुलीवर न चढलेलं दूध

धारवालीच्या घरात दूध चुलीवर चढत नसे. तिच्या सासूनं तिला तसं सांगितलं होतं, आणि सासूला तिच्या सासूनं. शेळीचं दूध विस्तवाला दाखवलं की सड सुजतात, कासेत गाठी होतात, दूध आटतं. माहेरीही तिनं हेच पाहिलं होतं. एवढं साधं होतं ते. चहासुद्धा कोरा उकळायचा, पातेलं खाली उतरवायचं, जरा दम धरायचा आणि मग वरून दूध सोडायचं. पाहुणा पहिला घोट घ्यायचा आणि कपाकडे बघत राहायचा. एका व्याह्यानं तर तोंडावर विचारलं होतं, "विहीणबाई, हा प्यायचाय की यानं हात धुवायचेत?" धारवाली हसली नाही. दुसऱ्या दिवशीही तिनं त्याला तसलाच चहा दिला.

धारवाली हे तिचं नाव नव्हे. पण खऱ्या नावानं हाक मारली असती तर तिनं वळून पाहिलं नसतं. गाव संपून खडीचा रस्ता लागतो तिथे तिचं पत्र्याचं घर, मागे कुडाचा गोठा, गोठ्यात वीसेक शेळ्या. सकाळी माणसं भांडी घेऊन फाटकाशी उभी राहायची. डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट भांड्यात ओतायची, ही तिची पद्धत. अशक्त पोर असो, आजारातून उठलेला म्हातारा असो, त्याला ती तिथेच उभ्या उभ्या पाजायची. "पिशवीतलं दूध म्हणजे काय दूध आहे? चुन्याचं पाणी नुसतं!" असं म्हणून वर आणखी अर्धा पेला भरायची. तिच्या जिभेलाही धार आहे असं लोक मागे म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

सकाळची पहिली धार मात्र विकायची नाही. ती घरातल्या सगळ्यात नाजूक जिवाची. नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हा ती त्याला मिळाली. त्याच्यानंतर मुलगा आजारी पडेल तेव्हा त्याला. आणि आता सुनेला, कारण सुनेला दिवस गेले होते.

मागच्या वर्षीही गेले होते. ते तिसऱ्या महिन्यात संपलं. त्या दिवशी सुनेचे कपडे धारवालीनं स्वतः हौदावर नेऊन धुतले, कुणाला हात लावू दिला नाही, आणि परत आल्यावर सुनेच्या उशाशी बसून राहिली. पण या वेळी धारवालीनं मनाशी गाठ मारली होती. हे मूल हातचं जाऊ द्यायचं नाही.

म्हणून घरात बंदी सुरू झाली. पपई नाही. अननस नाही. वांगं नाही. जुळं केळं दिसलं तर ते शेळीला. गार पाणी नाही, शिळं नाही, तिखट नाही. सून एकदा ताटाकडे बघून हसली.

"आई, मग उरलं काय?"

"उरलं दूध," धारवाली म्हणाली. "त्याच्यात सगळं आलं."

मुलगा खडीच्या यंत्रावर कामाला होता. दिवसभर दगड फुटण्याचा आवाज कानात भरून यायचा, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचा. तो ओरडला, "आई, तिला जगू दे की जरा!" आणि भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. या दोघींच्या मध्ये पडायचं नाही एवढं शहाणपण त्याला लग्नानंतर लवकरच आलं होतं.

मग एके दिवशी नर्सबाई घरी आली. दवाखान्यातून गावोगाव फिरणारी, उन्हानं रापलेली, खांद्याला जड पिशवी. तिनं सुनेच्या दंडाला पट्टा गुंडाळला, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, आणि बोलता बोलता काय खायचं, काय टाळायचं ते सांगत गेली.

"चहा दोन कपांच्या वर नको. अंडं पूर्ण उकडलेलं, आतून मऊ राहिलेलं नको. मटण खाल्लं तर चांगलं शिजलेलं. पाला, कोथिंबीर नीट धुऊन घे. आणि कच्चं दूध अजिबात नको. उकळी येऊन वर आलं पाहिजे, मगच."

चहा गाळणारा धारवालीचा हात थांबला. "माझ्या शेळ्यांना रोग आहे म्हणतेस?"

"तसं नाही हो मावशी. मी सगळ्याच घरांत हेच सांगते. एरवी माणसाला थोडं सोसतं. पोटात मूल असताना नाही सोसत."

"आणि पपई?"

"पिकलेली खाऊ दे की. काही होत नाही."

धारवालीनं चहाचा कप तिच्यापुढे ठेवला. कोऱ्या चहावर नुकतं सोडलेलं दूध अजून पुरतं मिसळलंही नव्हतं. नर्सबाईनं कपाकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं, आणि "आत्ताच घेऊन आले हो," असं म्हणत पिशवी उचलली. कप तसाच राहिला. धारवालीनं तो उंबऱ्यावरून अंगणात भिरकावला, नुसता चहा नव्हे, कपासकट. आजवर तिच्या दारात दूध नको म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं.

"पिकलेली पपई खाऊ दे म्हणे! आणि दूध नको! उफराटंच सगळं!" दिवसभर ती शेळ्यांना हे ऐकवत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं पहिली धार नेहमीसारखी सुनेच्या हातात दिली. सून म्हणाली, "आई, गोठ्याच्या वासानं मळमळतं. तिकडे मोकळ्यावर जाऊन पिते." वैरणीच्या गंजीमागे गेली आणि रिकामा पेला घेऊन आली. वरच्या ओठावर फेसाची मिशी. धारवाली खूश झाली. रोज असंच. रोज रिकामा पेला, रोज मिशी. "बघितलंस?" ती तांबडीला म्हणाली. तांबडी म्हणजे तिची लाडकी शेळी. "नर्सबाई बोलली म्हणून काय झालं? पोरगी शहाणी आहे माझी."

पण दुधात जन्म काढलेल्या बाईचं नाक ते! एका दुपारी ती वैरण काढायला गंजीमागे गेली आणि जागच्या जागी थबकली. आंबलेल्या दुधाचा वास. जमीन एका ठिकाणी चिकट, पांढरट झालेली, वर माश्या घोंघावताहेत. तिनं वाकून बोटानं माती उचलली, नाकाशी नेली. मग तशीच मातीचं बोट पुढे धरून घरात गेली.

सून धान्य निवडत बसली होती.

"हे कधीपासून?"

सुनेनं मान खाली घातली. "नर्सबाई येऊन गेल्या तेव्हापासून."

"आणि मिशी?"

"बोटानं लावायचे."

धारवालीला वाटलं होतं आपण आता ओरडू. पण ती मातीचं बोट पदराला पुसत राहिली. पहाटे उठायचं, दुखऱ्या कमरेनं उकिडवं बसायचं, पहिली धार पेल्यात धरायची, आणि ती मातीत! तीही चोरून, आणि वर मिशी लावून!

"मी विष देते तुला?"

"आई, तसं नाही. मागच्या वेळचं मी विसरले नाही. जे नको म्हणून सांगितलं ते धाडस मला होत नाही. तुम्ही तापवून द्या ना. एक सोडून दोन पेले पिईन."

"या घरात दूध चुलीवर चढायचं नाही. मी जिती आहे तोवर तरी नाही."

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, उठली ती फक्त धारेपुरती. मुलगा कामावरून आला, आईचं उपडं ताट पाहिलं आणि बायकोवर ओरडला, "काय एवढं? पेलाभर दूध ते! पी की! पिढ्यान् पिढ्या पितोय आम्ही, मेलो का?" मग आवाज उतरवून म्हणाला, "आई जेवत नाही गं."

सुनेनं सासूचं उपडं ताट उचलून ठेवलं. सकाळी ती आपणहून गोठ्यात आली आणि हात पुढे केला. धारवालीनं पेला दिला. सुनेनं डोळे मिटले आणि तिच्यासमोर उभं राहून सगळं दूध प्यायलं. धारवालीनं पदरानं तिचं तोंड पुसलं. "अशी शहाणी हो," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पोटभर जेवली. मग रोज सकाळी ती समोर उभी राहायची, सून प्यायची, आणि दोघी कामाला लागायच्या.

ऊन वाढलं तशी हौदाचं पाणी तळाला गेलं. निम्म्या शेळ्या गाभण होत्या, विण्याचा हंगाम तोंडावर आला होता. एका सकाळी तांबडी कोपऱ्यात तोंड घालून उभी दिसली. मागून वार लोंबत होती. पायाशी करडू पडलेलं, अंगावर केससुद्धा न आलेलं, ओलं, थंड. धारवालीनं "अगं माझ्या बाई!" म्हणत तिला जवळ घेतलं, हात आत घालून अडकलेली वार सोडवली, करडू फडक्यात गुंडाळून पुरलं. कुणी शिंग मारलं असेल, असं तिला वाटलं. पुढच्या आठवड्यात भुरी शेळीही अशीच गाभडली. मग कानतुटकी. मग एकाच दिवशी दोघी.

तिचं स्वतःचंही काही बरं नव्हतं. दुपारी अंग तापायचं, रात्री घामानं पातळ भिजायचं, सकाळी पुन्हा सगळं ठीक. गुडघे आणि कंबर अशी धरायची की धारेला बसलं तर उठताना खांबाचा आधार लागायचा. वयच झालं आता, म्हणत ती ते अंगावर काढत होती. सून म्हणायची, "आई, तुमच्या अंगात ताप आहे. शेळ्यांचं मी बघते." पण धारवाली तिला गोठ्यात वार काढायला येऊ देत नव्हती. तेवढं एक तरी देवानं तिला सुचवलं होतं.

शेवटी मुलगा जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टर तरुण, बोलायला मऊ. फाटकापाशीच त्यानं कोपरापर्यंत रबरी मोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं. धारवालीला ते बघून हसू आलं. नवरदेव निघाला जणू!

"मावशी, वार कशानं काढलीत?"

"हातानं. मग काय पायानं काढू?"

तो हसला नाही. शेळ्यांचं रक्त घेतलं, कास दाबून पाहिली. "दूध कोण पितं?"

"निम्मं गाव पितं."

"तापवून?"

धारवालीनं तांबडीच्या पाठीवरून हात फिरवला.

"मावशी, लक्षण चांगलं दिसत नाही. रक्ताचं कळेपर्यंत थांबा, पण मला खात्रीच वाटतेय. हा रोग वारेतून लागतो आणि न तापवलेल्या दुधातून लागतो. शेळी गाभडते तशी," तो अडखळला, "घरात कुणी गरोदर नाही ना?"

धारवालीचा हात तांबडीच्या पाठीवर होता. तो तिथेच राहिला. तांबडीनं मान वळवून तिच्या मनगटाला जीभ लावली. कुडापलीकडून सुनेच्या खराट्याचा आवाज येत होता, खर्र, खर्र. धारवालीला तो ऐकवेना. मी पाजलं. समोर उभी राहून पाजलं. पदरानं तोंड पुसलं. तिला एवढंच कळत होतं, बाकी डॉक्टर काय बोलत होता ते कानांवरून जात होतं.

ती सुनेपुढे जाऊन उभी राहिली. खराटा तिच्या हातातून काढून घेतला. आणि जे डॉक्टरनं सांगितलं ते सगळं, एक शब्द न गाळता सांगितलं. सून ऐकत ऐकत खाली बसली, दोन्ही हात पोटावर धरून.

"रागाव माझ्यावर," धारवाली म्हणाली. "दोन थोबाडीत दे. पण अशी गप्प बसू नकोस."

"दवाखान्यात जाऊ, आई," सून म्हणाली. तेवढंच.

दुसऱ्या सकाळी फाटकाशी माणसं जमली. धारवाली रिकाम्या हातानं बाहेर आली. "दूध बंद. शेळ्यांना रोग आहे. कालचं कुणाकडे उरलं असेल तर ओतून द्या. आणि ज्याला ताप येतोय, सांधे धरताहेत, त्यानं दवाखान्यात जा."

"म्हणजे आजवर आम्हाला रोगाचं पाजलंस?" गवंड्याची बायको किंचाळली. "माझ्या पोराला उभं करून पाजलंस की गं!"

"पाजलं," धारवाली म्हणाली. "ने त्याला. आजच ने."

कुणीतरी भांडं फाटकावर आपटलं. धारवाली सगळी माणसं जाईपर्यंत तिथे उभी राहिली. एरवी कुणाचा शब्द खाली न पडू देणारी बाई, तिनं एकालाही उलट उत्तर दिलं नाही.

दवाखान्यात नर्सबाईनं सुनेला विचारलं, "कच्चं दूध घेतलं का गं?"

"घेतलं," सून म्हणाली. "मीच प्यायले, मला आवडतं म्हणून. आई नको म्हणत होत्या."

"खोटं बोलतेय ती," धारवाली म्हणाली. बाकावर बसलेल्या सगळ्या बायका वळल्या. "ती ओतून देत होती. मी उपाशी राहिले, तिला भाग पाडलं. मी समोर उभी राहून पाजलं. काय लिहायचं ते माझ्यावर लिहा."

नर्सबाईनं ते कागदावर लिहून घेतलं. "बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली आणि सुनेचा दंड बांधायला घेतला. "पण आज रक्तात काही दिसलं नाही म्हणून खूश व्हायचं नाही. कधी कधी उशिरा उमटतं. काही आठवड्यांनी पुन्हा घेऊ, तेव्हा कळेल. सापडलं तरी त्याच्यावर गोळ्या आहेत, घाबरू नका. मावशी, तुमचंही घेते. तुमचा हात तापलाय."

"माझं काय करायचंय? जुनं हाड ते. तिचं नीट बघा." मग दाराशी जाऊन ती परत आली. आवाज अगदी लहान करून तिनं विचारलं, "मागच्या वेळचं... तेही त्यानंच गेलं असेल का?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही, मावशी," नर्सबाई म्हणाली. धारवालीनं मान हलवली आणि पदर तोंडाशी धरला.

दिवस जाता जाईनात. रक्तात रोग सापडलेल्या शेळ्या डॉक्टरच्या माणसांनी टेंपोत चढवून नेल्या. तांबडी फळीवर पाय ठेवेना, तेव्हा धारवालीनंच तिला उचलून आत ठेवलं आणि मागे वळून न बघता घरात आली. गोठ्यात चुना टाकला, माती उकरून काढली. पहिल्या दिवसाचं सुनेचं रक्त चांगलं आलं, पण नर्सबाईनं खूश व्हायचं नाही म्हणून बजावलं होतं, त्यामुळे घरात कुणी खूश झालं नाही.

पिशवीतलं दूध घरात आलं. धारवालीनं स्वतः पातेलं चुलीवर ठेवलं आणि हात जोडून बसावं तशी समोर बसली. दूध कडेनं थरथरलं, मध्ये फुगलं, आणि ती तोंड उघडं टाकून बघत असतानाच भसकन वर आलं आणि चुलीत पसरलं. "अगं, अगं, हे काय करतंय?" ती ओरडली, उघड्या हातानं पातेलं धरायला गेली आणि बोटं पोळून घेतली. पन्नाशी ओलांडलेली बाई, सगळा जन्म दुधात गेला, आणि दूध उतू जाताना ती पहिल्यांदा बघत होती! सून धावत आली, तिचा हात पाण्यात बुडवला, आणि मग एकाएकी हसायला लागली. हसता हसता खाली बसली. कितीतरी दिवसांनी घरात ते हसू ऐकू आलं. धारवाली म्हणाली, "हस, हस. सासू भाजली, हस," आणि तिचेही डोळे भरून आले.

पुन्हा रक्त द्यायचा दिवस आला तेव्हा सून दवाखान्याच्या दारात अडून उभी राहिली. "आधी तुम्ही हात पुढे करा. तुम्ही द्याल तर मी देईन."

"मला काही झालेलं नाही."

"मग द्यायला काय हरकत आहे? नाहीतर मी आजपासून जेवत नाही. तुमच्याकडूनच शिकलेय."

नर्सबाई खुदकन हसली. धारवालीनं तोंड वाकडं करून दंड पुढे केला.

निकाल घ्यायला तिघंही गेली. मुलानं कामावरून सुट्टी काढली होती. दवाखान्याच्या ओट्यावर तो भिंतीला टेकून उभा राहिला, आणि धारवाली सुनेचा हात मांडीवर घेऊन बसली. सुनेचं पोट आता दिसायला लागलं होतं. नर्सबाई हातात कागद घेऊन आली. तिचा चेहरा बघून धारवालीनं सुनेचा हात आवळला.

"मावशी, रोग सापडलाय."

धारवाली उभी राहिली. मुलानं मागून तिचे खांदे धरले. "कुणाचा?"

"तुमचा. बराच जुना दिसतोय. रोजचा ताप, घाम, कंबर, सगळं त्याचंच. बरेच आठवडे गोळ्या घ्याव्या लागतील, मध्ये सोडायच्या नाहीत."

"आणि तिचं?"

"सुनेच्या रक्तात काही नाही. या वेळीही नाही. मूलही छान वाढतंय."

"पुन्हा सांग."

"सुनेला काही नाही, मावशी."

"नीट बघून सांग, बाई. नावं अदलाबदल नाही ना झाली? माझंच ना ते? नक्की माझंच?"

"नक्की तुमचंच."

धारवाली ओट्यावर मटकन बसली आणि कपाळ सुनेच्या गुडघ्यावर टेकवून ढसाढसा रडू लागली. मुलगा घाबरून ओरडला, "आई, औषध आहे गं! बरी होशील तू!" शेजारच्या बाकावरच्या बायका उठून जवळ आल्या. सुनेच्या डोळ्यांतूनही पाणी गळत होतं. "आई, तुमच्या अंगात एवढं होतं आणि तुम्ही बोलला नाहीत," ती म्हणत होती.

धारवालीनं डोकं वर केलं. तोंड रडून लाल झालेलं, पण हसत होतं. लग्नातसुद्धा मुलानं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"अगं वेडे, तू कशाला रडतेस?" ती म्हणाली. "माझंच निघालं ना ते!"